बसलेल्यानं हाक मारायची

लोणीचे सोपानतात्या बुद्धिबळात हुशार होते की ढ, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. बेल्ह्यात बाजारतळाला लागून माझं एसटीडी-झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात पुढं मी इंटरनेट आणलं, आणि त्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तात्यांनी पृथ्वीवरच्या झाडून सगळ्या देशांतल्या माणसांशी डाव मांडले. निम्म्यांशी हरले. उरलेल्यांना असं चक्रावून सोडलं की त्यातले काही जण अजून डोकं धरून बसले असतील. मी खोटं बोलत नाही. थोडं वाढवून सांगतो, पण ते बेल्ह्याच्या रिवाजाला धरून. इथं पहिल्या बोलात खरा भाव कुणी सांगत नाही. ऐकणाऱ्यानं आपापल्या बेतानं उतरवून घ्यायचं.

तात्या बैलांचे दलाल. उंचीला दाराची चौकट कमी पडायची, मिशीला चेहरा कमी पडायचा. खांद्यावर उपरणं, आणि ते साधंसुधं नव्हे. एकदा पाऊस आला तेव्हा त्याखाली तीन पावणं आणि एक गोऱ्हा कोरडा राहिला होता, असं पाहिलेली माणसं आजही बेल्ह्यात सापडतील. त्या उपरण्याखाली तात्यांनी किती सौदे केले त्याला गणती नाही. ज्यांनी बैलबाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इथं भाव तोंडानं ठरत नाही. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली जातो, बोटं दाबली जातात, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते त्या दोघांखेरीज कुणालाही कळत नाही.

आणि सौदा अडला की? की मग उठायचं. हा बाजाराचा सगळ्यात मोठा कायदा. एकानं धोतर झटकायचं आणि चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की संपला. आणि जो बसलेला असेल त्यानं हाक मारायची, "ओ पावणं, या माघारी!" हाक आली की सौदा झाला म्हणून समजा. तात्यांइतकं देखणं उठून जाणारा माणूस जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत नव्हता. एकदा ते असे उठले की विकणारा हाक मारायला विसरला, नुसता बघत राहिला. तात्या चालत आळेफाट्याला पोचले. तिथं चहा पिऊन पुढं निघणार, तोवर तो गडी बैलासकट धापा टाकत मागं हजर. बैल दमला होता म्हणून तात्यांनी भाव आणखी पाडला म्हणतात.

असल्या माणसाला बुद्धिबळाचा नाद लावला तो जुन्नरच्या उस्मानभाईंनी.

उस्मानभाईंचं बाजारात लिंबाखाली दुकान असायचं. घुंगरमाळा, कासरे, झुली, शिंगांचे गोंडे. माणूस बारीक, आवाज बारीक, आणि बोलणं असं सावकाश की एक वाक्य पुरं होईस्तोवर गिऱ्हाईक माळ घेऊन घरी पोचायचं. दर सोमवारी दुपारी बाजार विरळ झाला की लिंबाखाली कापडी पट अंथरायचा आणि दोघं बसायचे. खेळ देशी. म्हणजे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकणार. राजा किल्ल्यात लपणार नाही, त्याऐवजी त्याला साऱ्या डावात एकदा, फक्त एकदा, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि वजिरानं मात केली तर ती नुसतीच मात, प्याद्यानं केली तर खरी इज्जत. प्याद्यानं मात करता यावी म्हणून दोघंही हातात आलेला डाव सोडून द्यायचे. त्यामुळं एकेक डाव चार-चार बाजार चालायचा.

नव्वदीची मधली वर्षं असतील. त्या सोमवारी तात्यांच्या प्याद्यानं उस्मानभाईंच्या राजाला कोपऱ्यात गाठलं. तात्यांनी मिशीला पीळ दिला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "मात! प्यादेमात!"

उस्मानभाईंनी सावकाश राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडं ठेवला.

"उडी," ते म्हणाले.

"उडी? आरं, उडी तू मघाशीच मारली न्हाईस व्हय?"

"कवा?"

"त्यो पांढरा बैल वरडला तवा!"

"तवा मी राजा पुसत होतो, सोपान. धूळ बसली होती."

"पुसत पुसत अडीच घरं?"

भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं उडी झाली होती, कुणी म्हणालं नाही. ज्यानं ज्याच्याकडून बैल घेतला होता तो त्याच्या बाजूनं बोलला. मीही तिथंच भेळ खात उभा होतो. मला विचाराल तर मला आजही दोन्ही दिसतं. डोळे मिटले की राजा उडालेला दिसतो, आणि परत मिटले की जागच्या जागी.

"तू मला लबाड म्हणतोस?" उस्मानभाई म्हणाले.

"मंग तू मला आंधळा म्हणतुयास काय?"

आणि दोघंही उठले. एकाच क्षणी उठले. धोतर आणि लुंगी एकदम झटकली गेली. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मागं पट तसाच. आता गंमत बघा, कायदा म्हणतो, बसलेल्यानं हाक मारायची. पण बसलेलं कोण होतं? कुणीच नव्हतं. एक शेळी होती, तिनं वजीर चघळायला घेतला.

पुढच्या सोमवारी उस्मानभाईंनी दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मांडलं. दोघंही रुबाबात, दोघंही हाकेची वाट बघत. मग ट्रॅक्टर वाढले, घुंगरमाळांचं गिऱ्हाईक आटलं, आणि उस्मानभाई मुलाकडं भिवंडीला निघून गेले. तात्यांनी त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. पट मात्र कुणासोबत मांडला नाही. शेळीच्या तोंडून सोडवलेला वजीर आणि बाकीचे मोहरे एका पिशवीत घालून ती मोपेडच्या डिकीत टाकली, ती वर्षानुवर्षं तिथंच खुळखुळत होती.

मग आलं इंटरनेट. तात्या एकदा सातबाऱ्याच्या झेरॉक्सला दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळत बसलो होतो. तात्या माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले आणि माझ्या डोक्यावरून पडद्यात वाकले.

"भाऊ," शेवटी म्हणाले, "ह्यो पट उभा हाय. मोहरं खाली कशी पडंनात?"

मी समजावलं. समोर खरा माणूस आहे, कुठल्यातरी देशात बसलाय, आपण इथं चाल केली की तिकडं दिसते. तात्यांनी मला खुर्चीवरून असं उचललं की माझे पाय जमिनीला लागायला वेळ लागला, आणि स्वतः बसले. झेरॉक्स मशीनमध्येच राहिली. ती आठ दिवसांनी तात्यांच्या घरच्या काकू येऊन घेऊन गेल्या.

पहिला डाव मला अजून आठवतो. तात्यांचा राजा अडचणीत आला. त्यांनी त्याला उचलून अडीच घरं ठेवला. कॉम्प्युटरनं तो परत जागेवर आणून ठेवला. पुन्हा ठेवला, पुन्हा परत.

"ह्याला सांग, उडी शिल्लक हाय माझी!"

"तात्या, ह्यांच्यात उडी नसते."

"नसती?" तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "मंग ह्यांच्यात भांडणं कशावरून व्हत्यात?"

तात्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, धोतर झटकलं आणि दुकानातून बाहेर पडले. समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्याकडं पाठ करून बसले.

मी दारातून ओरडलो, "तात्या, तुमची चाल आहे! घड्याळ पळतंय!"

"पळू दे. हाक मारंल त्यो."

"कोण?"

"समोरचा! मी उठलोय, त्यो बसलाय. त्यानंच मारायची."

घड्याळ संपलं. तात्या हरले. आत येऊन त्यांनी पडदा बघितला आणि कपाळाला हात लावला. "लई माजुरडा गडी दिसतोय. हाक बी मारली न्हाई!"

मला वाटलं, एकदा कळलं की थांबतील. कसले थांबतात! तिथं नावासमोर एक आकडा असायचा, जिंकलं की चढायचा, हरलं की उतरायचा. तात्या त्याला भाव म्हणायचे. "भाऊ, आज आपला भाव काय निघाला?" भाव रोज पडत होता. डाव जरा अडला की तात्या उठायचे. रशियावाला असो, ब्राझीलवाला असो, कुणी हाक मारीना. मग त्यांना डाव बरोबरीत सोडवायचं बटण सापडलं, आणि त्यांना वाटलं, चला, बोलणी करायची सोय आहे. पहिल्या चालीला बटण. दुसऱ्या चालीला बटण. एका गोऱ्यानं वैतागून काहीबाही लिहून पाठवलं, सगळी मोठी अक्षरं.

"काय म्हंतोय?"

"म्हणतोय, तुम्ही फार चिकाटीचे आहात."

"व्हय तर," तात्या खूश झाले आणि बटण दाबलं.

काकूंचा दुकानाच्या फोनवर फोन यायचा. "भाऊ, आमचं हे तिथंच हायेत का? जल्मभर बैल बघितलं, आता ह्या वयात घोडं-उंट बघाय लागल्यात. घरी गायीचं कोण बघणार?"

आता या उतरणीत तात्या संपले असते, आणि मीही हे लिहायला बसलो नसतो. पण एके दुपारी त्यांच्यासमोर एक गडी आला. नाव लावलं होतं ओल्डकॅमल. नावापुढं झेंडा होता, तो कुठल्या देशाचा ते मला कळेना. निळा होता आणि मधे काहीतरी पिवळं.

चार-पाच चाली झाल्या आणि तात्या खुर्चीत सरळ झाले. हा गडी प्यादं एकेकच घर सरकवत होता. किल्ला बांधतच नव्हता, राजा रमतगमत चालवत होता. उंटासाठी त्यानं वजीर देऊन टाकला. आणि प्रत्येक चालीला इतका वेळ घ्यायचा की मधे माझ्या चार झेरॉक्स व्हायच्या.

"नाव काय म्हणालास ह्याचं?"

"ओल्डकॅमल. म्हातारा उंट."

तात्यांनी माझं मनगट धरलं. त्यावर आजही वळ असेल, बघून सांगतो. "भाऊ, ह्यो उस्मान हाय."

"तात्या, उस्मानभाई भिवंडीला आहेत."

"मंग? भिवंडीत कॉम्प्युटर न्हाईत व्हय?"

"झेंडा बघा की! हा आपला नाही."

"त्याचा धाकला दुबईला हाय. तिकडं गेला आसंल."

"दुबईचा झेंडा असा नसतो."

"तू कवा गेलतास दुबईला?"

आणि खरं सांगू, डाव बघता बघता मलाही लिंबाखालचा वास यायला लागला. पण दुनियेत देशी खेळणारा एक उस्मानभाईच आहे का? की तो कुणी नवशिकाच होता, ज्याला प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पळतं हे ठाऊकच नव्हतं? मी तात्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "नवशिका उंटासाटी वजीर देत न्हाई. त्याला अक्कल लागती, न्हाईतर उस्मान लागतो."

त्या दिवसापासून तात्यांचा खेळच पालटला. ते उठेनात. डाव कितीही अडो, माणूस खुर्चीला खिळलेला. चहा जागेवर. एकदा डावाच्या मधेच लाईट गेली. भारनियमन, परत यायला दुपार जाणार. तात्या काळ्या पडद्यासमोर तसेच बसून.

"तात्या, घरी जा. डाव गेला."

"जाऊ दे. पर लाईट आली की त्याला सांग, सोपान उठला न्हाई म्हणावं."

बसून राहायला लागल्यावर भाव आपोआप चढायला लागला. रशियावाले हरायला लागले. एका जर्मनानं तर खेळच सोडला, असा माझा अंदाज आहे. पण तात्यांचं लक्ष भावाकडं नव्हतं. ते रोज येऊन फक्त म्हातारा उंट आलाय का बघायचे.

आणि मग तो डाव आला. उंटानं तात्यांना पुरतं गाठलं होतं. वजिरानं पुढच्या चालीला मात होती, मलाही दिसत होती. त्यानं केली नाही. वजीर बाजूला नेऊन ठेवला. मग एक प्यादं, एकेक घर, सावकाश. तात्या काहीच वाचवत नव्हते, राजा इकडून तिकडं हलवत नुसते वाट बघत होते. शेवटी त्या प्याद्यानं मात केली.

तात्या खुर्चीवरच नाचले, म्हणजे खुर्ची तिथंच गेली. "प्यादेमात झाली रं माझी! बघितलंस का, भाऊ? प्याद्यानं मारला मला!" एवढ्या आनंदानं हरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग पडद्याकडं बोट केलं. म्हणाले, "त्याला लिवता येतं का काही?"

"येतं."

"लिही. तुजी उडी शिल्लक व्हती."

मी त्यांच्याकडं बघितलं. "खरंच होती?"

"मला काय म्हायती? डोळं मिटलं की कवा उडी झाल्याली दिसती, कवा न्हाई. इतकी वर्सं नुसती दमणूक झाली. आता म्या ठरवलंय, न्हाई झाली. लिही. ह्यो आला न्हाई, तर डिकीतलं मोहरं चुलीत घालीन. एकट्यानं सांभाळून काय करू?"

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. बराच वेळ गेला. तिकडून एक प्रश्नचिन्ह आलं.

"बघ, विचारतोय, खरं का म्हणून! लिही, खरं. सोमवारी बेल्ह्याला ये. लिंबाखाली."

तिकडून उत्तर आलं, "ओके."

त्यानंतर ओल्डकॅमल दिसला नाही. तात्या मात्र दर सोमवारी लिंबाखाली पट अंथरून बसायला लागले. दलाली सोडलीच होती, गुडघेही गेले होते. लोक विचारायचे, "तात्या, कुणाची वाट बघताय?" ते म्हणायचे, "बसलोय." मी मनातून घाबरलो होतो. ते 'ओके' कुणा परदेशी माणसानं पिच्छा सोडवायला लिहिलं असलं तर? पण तात्यांना हे सांगायचं कुणी? मोहरे चुलीत जायची पाळी माझ्या तोंडामुळं यायला नको होती.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आणि एका सोमवारी एसटीतून काठी टेकत, सावकाश, म्हणजे पहिला पाय खाली टेकून दुसरा टेकेस्तोवर कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली अशा बेतानं, उस्मानभाई उतरले. मी दुकान उघडं टाकून मागोमाग धावलो.

तात्या उठले नाहीत. उस्मानभाई समोर बसले.

"आलास," तात्या म्हणाले.

"जुन्नरला भाचीचं लग्न होतं. म्हटलं, बाजार बघून जावं."

तात्यांनी मला डोळा मारला. मला राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "उस्मानभाई, तुम्ही कॉम्प्युटरवर खेळता का हो?"

"कॉम्प्युटर?" ते हसले. "अरे, सून मला मिक्सरचं बटण दाबू देत नाही."

मी तात्यांकडं बघितलं. तात्या हलले नाहीत. त्यांना पक्कं ठाऊक होतं की हा पहिल्या बोलात खरा भाव सांगणार नाही.

"उस्मान, ऐक. तुजी उडी शिल्लक व्हती. माजी चूक झाली."

"नाही, सोपान," उस्मानभाई म्हणाले. "मी तेच सांगायला आलोय. भिवंडीत बसून सगळा डाव आठवला. मी उडी मारली होती. तू बरोबर होतास."

"आरं, न्हाई मारली तू! तू राजा पुसत व्हतास!"

"पुसत पुसत अडीच घरं कोण जातं, सोपान?"

"मी म्हंतो ना, शिल्लक व्हती!"

"आणि मी म्हणतो, नव्हती! माझी उडी मला ठाऊक की तुला?"

"म्हंजी मी आता खोटं बोलतोय?"

"मग मी बोलतोय का, इतक्या लांबून येऊन?"

माणसं पुन्हा जमली. जुनी माणसं, ज्यांनी तेव्हा बाजू घेतल्या होत्या, त्यांना आता कळेना की कोणाच्या बाजूनं बोलावं. आणि उस्मानभाई उठले. लुंगी झटकली, काठी उचलली, चालू लागले.

तात्यांचंही बूड उचललं. गुडघ्यावर हात देऊन ते अर्धे वर आले. धोतर झटकायला हात गेलासुद्धा. त्या बाजारातले सगळे बैल रवंथ करायचे थांबले, याची मी शपथ घ्यायला तयार आहे. तात्या तसेच अधांतरी, ना उठलेले ना बसलेले. मग धप्पकन खाली बसले. धूळ उडाली.

"उस्मान," तात्यांनी हाक मारली. आयुष्यभर दुसऱ्यांकडून हाका घेतलेला माणूस, आवाज पार घोगरा निघाला. "ये माघारी."

उस्मानभाई थांबले. उठलेल्यानं मागं वळून बघायचं नाही. त्यांनी वळून बघितलं नाही. काठी टेकत, पाठमोरेच, उलट्या पावलांनी ते लिंबापर्यंत आले आणि बसले. तात्यांनी उपरणं हातावर टाकून हात पुढं केला. उस्मानभाईंचा हात उपरण्याखाली गेला. बोटं हललेली वरून दिसत होती. एकदा तात्यांनी मान हलवली. एकदा उस्मानभाईंनी. मग दोघंही "हं" म्हणाले आणि हात बाहेर आले.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" तात्या म्हणाले. "बैल तुजा व्हता का?"

त्यांनी पिशवी उपडी केली. दातांच्या खुणांचा वजीर उस्मानभाईंनी उचलून लुंगीला पुसला आणि जागेवर ठेवला.

मी दुकानात परतलो. कॉम्प्युटर चालूच राहिला होता. पडद्यावर तात्यांच्या नावासमोर नवा डाव येऊन पडला होता. निळा झेंडा, मधे पिवळं काहीतरी. ओल्डकॅमल. त्याचं पहिलं प्यादं एक घर पुढं सरकलेलं, आणि घड्याळ पळायला लागलेलं.

मी दारात आलो. लिंबाखाली एक मोठी पाठ आणि एक बारीक पाठ पटावर वाकलेली दिसत होती. हाक मारावी का? तोंड उघडलंसुद्धा होतं. पण हाक बसलेल्यानं मारायची असते, आणि मी तर उभा होतो.